पहिल्यांदा वारीला जाताय? ट्रकमधलं ट्रकमध्ये, खांद्यावरचं खांद्यावर

जून जवळ आला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात, ताई यंदा वारीला यायचंय, काय काय घेऊ? सगळ्यांना यादी हवी असते आणि यादी मी देतेही, पण सहा वाऱ्या चालून मला जे कळलंय ते असं की पहिल्यांदा येणाऱ्याचं सहसा काही विसरत नाही, सगळं आणलेलं असतं, फक्त ते चुकीच्या बॅगेत असतं. रेनकोट आहे पण तो दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये आणि तुम्ही दिवेघाटात भिजताय. बीपीची गोळी आहे पण तीही ट्रकमध्ये आणि ट्रक केव्हाच पुढच्या मुक्कामाला जाऊन लागलाय. म्हणून इथे सगळं त्याच हिशोबाने लिहितेय. मी आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर चालते त्यामुळे गावांची नावं त्या वाटेवरची येतील. देहूहून तुकोबारायांच्या पालखीत जाणाऱ्यांची वाट लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी आहे, पण सामानाचं गणित तेच.

आधी दिंडी, मग खरेदी

बॅग भरायच्या आधी दिंडी ठरवा. एकट्याने मोकळं चालणारेही खूप असतात, पण पहिल्या वर्षी दिंडीतच जा. दिंडीत भिशी, म्हणजे खर्चातला आपला वाटा, भरली की दोन वेळचं जेवण, चहा, राहुटीत झोपायला जागा आणि सामानासाठी ट्रक एवढं मिळतं. भिशी भरतानाच चार गोष्टी विचारून घ्या: एका माणसाला ट्रकमध्ये किती सामान चालतं, ताट-वाटी आपली आणायची का, अंथरूण मिळतं की आपलं आणायचं, आणि बॅग ट्रकमध्ये कुठे आणि किती वाजता द्यायची. प्रत्येक दिंडीचं वेगळं असतं. काही दिंड्यांत गादी मिळते, काहींत नुसती ताडपत्री अंथरलेली असते आणि खाली काय येईल ते तुमचं नशीब, नांगरलेलं रान पण असतं.

दिंडीचा नंबर पाठ करा, आणि नुसता नंबर नाही, पालखीच्या रथापुढे की रथामागे हेही. रथापुढे एक नंबरने दिंडी असते आणि रथामागेही त्याच नंबरची असते, हे माहीत नसल्याने लोक दुसऱ्याच दिंडीत जाऊन उभे राहतात.

तारीख बघून कपडे ठरवा

वारीची तिथी ठरलेली, इंग्रजी तारीख दर वर्षी हलते आणि त्याचा सामानावर सरळ परिणाम होतो. २०२३ ला आषाढी २९ जूनला होती म्हणजे आळंदीहून निघालो तेव्हा जूनचा दुसरा आठवडा, पाऊस लांबलेला आणि उन्हाने डांबर तापलेलं. २०२४ ला १७ जुलै, २०२५ ला ६ जुलै. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी थेट २५ जुलैला, म्हणजे निघतानाच पावसाळा चांगला लागलेला असणार हे धरून चालायचं.

दुसरं म्हणजे एकाच वारीत दोन हवामानं असतात. आळंदी, पुणे, सासवड इथपर्यंत चिंब व्हायची तयारी ठेवायची, आणि नीरा नदी ओलांडून लोणंद, फलटण, माळशिरसकडे गेलं की पर्जन्यछायेचा भाग, तिथे भर आषाढात डोकं तापतं. त्यामुळे फक्त रेनकोट घेऊन येणारा फलटणला हाल काढतो आणि फक्त टोपी घेऊन येणारा पहिल्या तीन दिवसात आजारी पडतो. दोन्ही हवं, आणि दोन्ही खांद्यावरच्या बॅगेत.

पाय

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण वारी अर्धवट सोडून परत गेलेली माझ्या पाहण्यातली बहुतेक माणसं पायामुळे गेली, थकव्यामुळे नाही.

पहिल्या वर्षी मी निघायच्या चार दिवस आधी नवे बूट घेतले. दुकानदार म्हणाला थोडे घट्ट वाटतायत पण चालून सैल होतील. सासवडला पोचेपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती, आणि पुढे फलटणपर्यंत मी बुटाची टाच मुडपून चालले. तेव्हापासून माझा नियम आहे की बूट दोन महिने आधी घ्यायचे, संध्याकाळी घ्यायचे कारण दिवसभर उभं राहून पाय जरा सुजलेले असतात, नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे अंगठ्याला मोकळी जागा बघायची. मग निघायच्या आधी त्याच बुटात, त्याच मोज्यांत किमान शंभर किलोमीटर व्हायला हवेत. एका दिवसात नाही, रोजचे चार-पाच आणि रविवारी पंधरा असं करत. एकदा तरी लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा चाला, दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीवर टेकवताना जे वाटतं ते घरीच अनुभवलेलं बरं.

पायात घालायला दोन जोड हवेत. एक बूट आणि एक मागे पट्टा असलेली सँडल. उन्हात बूट-मोजे, पावसात सँडल, कारण ओल्या मोज्यात चाललेला पाय तासाभरात मऊ पडतो आणि मग फोड येणारच. जे पायात नाही ते बॅगेला बाहेरून बांधायचं. नुसती स्लीपर घालून वीस-वीस वर्षं चालणारे वारकरी दिसतील, त्यांचे पाय तसे तयार झालेत, त्यांचं बघून आपण करायला जाऊ नये. आणि रस्ता आता बऱ्याच ठिकाणी काँक्रीटचा आहे, कडेने मातीची वाट मिळाली तर ती घ्या, गुडघ्यांना फार फरक पडतो.

नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. सकाळी निघताना बोटांच्या मधे, टाचेला आणि मांड्या जिथे घासतात तिथे व्हॅसलीन चोपडा. मांड्यांचं कोणी मोकळेपणाने बोलत नाही, पण ओल्या कपड्यात वीस किलोमीटर चालल्यावर कातडी सोलून निघते आणि दुसऱ्या दिवशी पाऊल टाकवत नाही. बायकांनी साडीच्या किंवा ड्रेसच्या आत गुडघ्यापर्यंतची शॉर्ट घाला, पुरुषांनीही तेच, धोतर असलं तरी.

चालताना कुठेतरी चुरचुरायला लागलं की तेव्हाच थांबा. पुढच्या विसाव्याला बघू असं करायचं नाही. बाजूला बसा, मोजा काढा, लाल झालेल्या जागेवर कागदी टेप चिकटवा, टेप सरळ लावा, सुरकुती राहिली तर तिचाच फोड होतो. आणि फोड आलाच तर मुक्कामाला पाय धुवून कोरडा करा, नवी सुई स्पिरिटने पुसा, फोडाच्या कडेला खालच्या बाजूने एक बारीक भोक पाडा, कापसाने हलकं दाबून पाणी काढा. वरची कातडी काढायची नाही, ती झाकण आहे. बीटाडीन लावा, वर गॉज, वर टेप. डायबेटिस असेल तर हे काहीच स्वतः करू नका, वाटेत ठिकठिकाणी मोफत दवाखाने आणि अँब्युलन्स असतात तिथे दाखवा, आणि रोज रात्री टॉर्च लावून दुसऱ्या कुणाला तरी तळवे बघायला सांगा कारण तुम्हाला लागलेलं कळत नाही. पायाला जखम असेल तर चिखलाच्या साचलेल्या पाण्यातून चालणं टाळा, नाहीच टळलं तर मुक्कामाला लगेच साबणाने धुवा.

खांद्यावरची बॅग

आता मुद्द्याचं. सकाळी अंधारात, चार-साडेचारला बॅग ट्रकमध्ये जाते आणि मग संध्याकाळपर्यंत तुम्ही आणि ही छोटी बॅग. ट्रक आपल्या वेगळ्या वेळेने पुढे निघून गेलेला असतो, तो शोधायला मागे-पुढे जाणं गर्दीत शक्यच नसतं. म्हणून मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारते, ही मला पहाटे पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत लागेल का? लागेल तर खांद्यावर.

बॅग पाठीवरची, दोन पट्ट्यांची घ्या, एका खांद्याची झोळी तिसऱ्या दिवशी मान धरते. पाण्यासकट वजन तीन किलोच्या वर नको, घरी वजनकाट्यावर ठेवून बघा. माझ्या बॅगेत हे असतं: एक लिटरची पाण्याची बाटली, ओआरएसची चार पाकिटं, पावसाची खोळ किंवा पोंचो, टोपी आणि एक सुती पंचा, मोज्यांचा एक कोरडा जोड झिपच्या पिशवीत, पायाची डबी (टेप, गॉज, सुई, व्हॅसलीन, बीटाडीन), रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या, छोटा टॉर्च, मोबाईल, आणि हरिपाठाचं पुस्तक प्लास्टिकमध्ये. टाळ घेणार असाल तर त्याचं वजन आधी धरा, आणि बॅगेत नाही, गळ्यात असणार तो.

रेनकोटबद्दल. शर्ट-पँटचा रेनकोट घेऊ नका, आतून घामाने तेवढंच भिजायला होतं आणि वरून बॅग भिजते ती वेगळीच. पोंचो घ्या जो बॅगेसकट अंगावर येतो. नाहीतर आपल्या गावाकडच्या बायका करतात तसा जाड प्लास्टिकचा कागद घ्या, एक कोपरा आत दुमडला की झाली डोक्यावरची खोळ, रात्री तोच अंथरुणाखाली, सकाळी तोच सामानावर. वाटेतही विकत मिळतो. छत्री मी नेत नाही, दिंडीत ओळीने चालताना शेजारच्याच्या डोळ्यात काडी जाते आणि टाळ वाजवायला हात मोकळा राहत नाही.

खायचं फारसं काही घेऊ नका. चिवडा-लाडूंचे डबे भरून येतात लोक आणि तिसऱ्या दिवशी वाटत बसतात. वाटेवर प्रत्येक गावात लोक हात जोडून केळी, चहा, भाकरी-पिठलं देत असतात, आग्रह मोडवत नाही अशी गत होते. एकच दिवस सांभाळा, पुण्याहून सासवडला जायचा. पुणे-सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, शेवटी दिवेघाटाची चढण, आणि नेमकी त्या दिवशी योगिनी एकादशी, म्हणजे उपास. त्या दिवशी राजगिऱ्याची वडी, भाजलेले शेंगदाणे आणि खजूर खिशात ठेवा आणि घाट चढायच्या आधीच थोडं खा, वर गेल्यावर खाऊ म्हणालात तर चक्कर येते. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवा.

पाणी टँकरचं मिळतं. पोट नाजूक असेल तर क्लोरीनच्या गोळ्या ठेवा, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबायचं. आणि रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी घेऊन चालायचं नाही, उन्हात पाणी कमी पडलेलं असताना तर नाहीच.

ट्रकमधली बॅग

चाकांची ट्रॉली बॅग आणू नका, हात जोडून सांगते. ट्रकमध्ये सामान एकावर एक रचतात, फेकतात, वर माणूस चढून उभा राहतो. मऊ बॅग घ्या, आणि ती अख्खी प्लास्टिकच्या गोणीत घाला, तोंड सुतळीने बांधा. गोणीवर दोन्ही बाजूंनी ऑइल पेंटने मोठ्या अक्षरात नाव, गाव, दिंडी नंबर, रथापुढे किंवा मागे. एक वर्ष आमच्या दिंडीत एकाच रंगाच्या सात बॅगा होत्या, रात्री पावसात टॉर्च तोंडात धरून सगळ्यांच्या चेन उघडून बघत होतो. तेव्हापासून मी माझ्या गोणीला लाल साडीचा काठ बांधते, लांबूनच दिसतो.

आत सगळं वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. कपडे तीन जोड खूप झाले, एक अंगावर, एक ट्रकमध्ये बदलायला, आणि एक राखून ठेवायचा, त्याचं शेवटी सांगते. पांढरे कपडे घालायची हौस असते आणि घालावेतच, पण सुती कुर्ता पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही म्हणून टेरिकॉटसारखं मिक्स कापड बघा. जीन्स अजिबात नको. टॉवेलऐवजी पंचे दोन. कपडे वाळत घालायला सहा-सात मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर सेफ्टी पिना, ट्रकच्या कडेला दोरी बांधायची आणि पिना लावायच्या, चिमटे वाऱ्याने उडतात. नाहीच वाळलं तर ओला पंचा चालताना बॅगेवर पिनेने लावा, उन्हाच्या पट्ट्यात तासात कोरडा होतो.

धुण्याचे दिवस आधीच ठरवून ठेवा. पुण्यात आणि सासवडला दोन-दोन मुक्काम असतात, तिथे मोठं धुणं. पुढे लोणंद ते तरडगाव टप्पा छोटा, आठेक किलोमीटरचा, मधे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं (वारकरी दोन बाजूंना उभे आणि मधून माऊलींचा अश्व धावतो), त्या दिवशी मुक्कामाला हाताशी वेळ राहतो. बाकी दिवशी फक्त मोजे आणि आतले कपडे.

अंथरायला एक जाड प्लास्टिकचा कागद आणि त्यावर पातळ सतरंजी, पांघरायला चादर. सोलापुरी जाड चादर उबदार असते पण एकदा भिजली की तिचं ओझं ट्रकमध्ये चढवताना कळतं. घोंगडं असेल घरात तर ते आणा, भिजलं तरी ऊब देतं. उशी नको, कपड्यांची पिशवी उशाला. डासांचं मलम, साबण डबीत, तांब्या, ताट-वाटी-ग्लास नाव कोरलेले. जास्तीच्या गोळ्या सगळ्या दिवसांच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. इन्सुलिन लागत असेल तर डॉक्टरशी बोलून ते थंड कसं ठेवायचं हे आधी ठरवा, तापलेल्या ट्रकमध्ये ते टाकायचं नाही, अंगाजवळच. सकाळी बूट घालायच्या आधी उलटे करून झटका, रानात मुक्काम असतो, विंचू निघालेला मी पाहिलाय. रात्री ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पहाटेपर्यंत निम्मं पाणी ओढून घेतं.

बायकांसाठी थोडं वेगळं

अंघोळ पहाटे तीन-चारला टँकरवर, अंधारात, कडेला साड्या धरून आडोसा. त्यासाठी एक सैल गाऊन आणि एक जुनी साडी ठेवा, साडी आडोशालाही होते आणि पांघरायलाही. पॅड पाळीची तारीख नसली तरी घ्या, चालून चालून पाळी पुढे-मागे होते, दोन खांद्यावरच्या बॅगेत आणि बाकी ट्रकमध्ये, आणि वापरलेले टाकायला कागदाच्या पिशव्या. फिरती शौचालयं आता बऱ्याच मुक्कामांवर असतात पण रांग असते, म्हणून पहाटे लवकर उठा आणि एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी मिळून टॉर्च घेऊन जा. शौचाला जावं लागेल म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी दर वर्षी बघते आणि मला फार वाईट वाटतं. लघवीला जळजळ सुरू झाली की वारी तिथेच संपते. पाणी प्या, विसाव्याला बरोबरच्या मावशींना सांगा, त्या बरोबर आडोसा शोधून देतात. दागिने घरी, मंगळसूत्रसुद्धा साधं काळ्या मण्यांचं घाला.

कागद, पैसे, मोबाईल

आधारची झेरॉक्स लॅमिनेट करून गळ्यात, त्यामागे घरच्या दोन माणसांचे नंबर, रक्तगट, चालू असलेल्या गोळ्या, दिंडी नंबर आणि दिंडीचालकांचा नंबर. मोबाईल बंद पडला की आपल्याला घरचाही नंबर पाठ नसतो. लाखो माणसं एका गावात आली की नेटवर्क जातं, म्हणून मोबाईलने पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवा, अर्ध्या अंगावर, अर्ध्या बरोबरच्या विश्वासाच्या माणसाकडे, ट्रकमध्ये नको. पॉवर बँक एक, दहा हजारवाली पुरते, आणि रोज सकाळी निघतानाच आजचा मुक्काम कुठे आणि आपला तळ कुठल्या बाजूला हे कागदावर लिहून खिशात टाका. चुकलात तर घाबरायचं नाही, जवळच्या कुठल्याही दिंडीत "माऊली, अमुक नंबर रथामागे" एवढं सांगा, लोक हाताला धरून नेऊन सोडतात. काही हरवलं तर संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्यांची समाजआरती होते तिला जा, तिथे चोपदार हरवलं-सापडलं पुकारतात. माझा चष्मा मला वाल्ह्याच्या आरतीत परत मिळाला, काच पुसून रुमालात बांधून आणला होता कुणीतरी.

सासवडला पुन्हा बॅग उघडा

दिवेघाट चढून सासवडला पोचलात की दुसऱ्या दिवशी विश्रांती असते, तेव्हा दोन्ही बॅगा पूर्ण रिकाम्या करा. चार दिवसांत जे एकदाही काढलं नाही ते पुण्याकडे परत जाणाऱ्या कुणाकडे तरी देऊन टाका. खांद्यावरून ट्रकमध्ये जायची वस्तू आणि ट्रकमधून खांद्यावर हवी झालेली वस्तू, दोन्ही तिथेच बदलतात. मी दर वर्षी अर्धा-पाऊण किलो तिथे कमी करते, पुढे जेजुरीकडे निघताना ते खांद्याला लगेच जाणवतं.

पंढरपूरच्या आधीचा शेवटचा मुक्काम वाखरी, तिथपासून पंढरपुरात गर्दी एवढी होते की ट्रक तुमच्यापर्यंत वेळेत येईलच असं नाही. म्हणून दशमीला निघताना खांद्यावरच्या बॅगेत एका रात्रीची सोय ठेवा, चादर, गोळ्या, पंचा. चंद्रभागेत स्नानाला उतरताना मोबाईल आणि पैसे बरोबरच्यांपैकी एकाकडे देऊन त्याला काठावर बसवा, मग तो उतरेल तेव्हा तुम्ही बसा. पात्रात पाणी किती आहे ते बघून, काठालाच.

आणि तो तिसरा जोड. घरून निघतानाच तो इस्त्री करून दोन पिशव्यांत गुंडाळून वर दोरा बांधायचा आणि ट्रकच्या बॅगेत अगदी तळाला ठेवायचा. कितीही भिजलात, काहीच कोरडं उरलं नाही तरी तो दोरा वाटेत सोडायचा नाही. पंढरपुरात स्नान झालं की तो काढा, घाला, आणि कळसाकडे तोंड करून उभे राहा.